शून्य नंबरचा थ्रेड म्हणजे मेन थ्रेड नव्हे

मागच्या शनिवारी रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. साहेब इथेच इंदूरला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत (कॉलेजचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाला वाटायचं मी तक्रार करतोय), आणि एरवी मामाची आठवण फक्त सराफ्यात गराडू खायचे असले की येते, त्यामुळे मला वाटलं तेच असणार. पण नाही. "मामा, प्रोग्राम लटकतोय रे. म्हणजे रोज नाही लटकत, मधूनच लटकतो, आणि सोमवारी दाखवायचाय."

मधूनच लटकतो. हे दोन शब्द ऐकले की पॅरलल प्रोग्रामिंग (एकच काम अनेक कोरवर वाटून एकाच वेळी करणं) केलेल्या कोणाच्याही पोटात गोळा येतो. रोज लटकणारा प्रोग्राम सज्जन असतो हो, त्याला धरता येतं.

तर प्रोग्राम काय, तर एका पातळ पत्र्यावर उष्णता कशी पसरते त्याचं गणित. पत्र्याचे चार आडवे तुकडे, प्रत्येक तुकडा एका प्रोसेसकडे (म्हणजे प्रोग्रामची एक स्वतंत्र चालती प्रत), प्रत्येक प्रोसेसमध्ये चार थ्रेड (त्याच प्रोसेसच्या आत एकाच वेळी काम करणारे हात), लॅबचं सोळा कोरचं मशीन. शेजारच्या तुकड्याची काठाची ओळ हवी असते म्हणून प्रत्येक पायरीला प्रोसेस एकमेकींना ओळी पाठवतात, ते एमपीआयने (प्रोसेसमधल्या निरोपांची स्टँडर्ड पद्धत), आणि तुकड्याच्या आतलं गणित ओपन-एमपीने (एका प्रोसेसचं काम थ्रेडमध्ये वाटण्याची पद्धत). गंमत म्हणजे ओपन-एमपीचं पहिलं स्पेसिफिकेशन आणि एमपीआयचं दुसरं व्हर्जन, ज्यात थ्रेडचे नियम पहिल्यांदा आले, दोन्ही 1997 सालची. तेव्हापासून ही जोडी एकत्र नांदतेय आणि तेव्हापासून लोक ह्याच एका जागी अडखळतायत, मीही अडखळलोय, म्हणून हे लिहायला बसलो. (फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, समजून घ्या.)

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, एमपीआय सुरू कसं केलंस? तो म्हणाला एमपीआय_इनिट_थ्रेड, आणि लेव्हल फनेल्ड मागितलीय. बरं. मग विचारलं, फनेल्ड म्हणजे काय? "म्हणजे फक्त मेन थ्रेडने एमपीआयचे कॉल करायचे." बरोबर. आणि मेन थ्रेड कोण हे तुझ्या कोडला कसं कळतं? "सोपंय, ओएमपी_गेट_थ्रेड_नम शून्य आला की तो मेन."

(हे फंक्शन थ्रेडचा ओपन-एमपीतला नंबर सांगतं.) इथेच गडबड होती, पण मी फोनवर काही बोललो नाही, म्हणलं उद्या सकाळी घरी ये, पोहे खा आणि लॅपटॉप घेऊन ये.

आता तो येईपर्यंत तुम्हाला वाड्याची गोष्ट सांगतो, कारण त्यालाही मी हीच सांगितली. माझं आजोळ रामबागेतलं. मोठा वाडा, मालक पुढच्या बाजूला, मागे आणि माडीवर आम्ही धरून सहा-सात बिऱ्हाडं. पोस्टमन यायचा तो फाटकातूनच ओरडायचा, "रजिस्ट्री है!" त्याच्यासाठी पत्ता वाड्याचा, आत माणसं किती आणि कोण ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एमपीआयचं अगदी असंच आहे, रँक हा प्रोसेसचा पत्ता, थ्रेडला स्वतःचा पत्ता नाही. रँक 2 ला निरोप पाठवला की तो रँक 2 च्या वाड्यात येतो, मग आतला जो थ्रेड रिसीव्ह घेऊन दारात उभा असेल त्याच्या हातात पडतो. थ्रेड 3 लाच मिळावा असं तुम्हाला वाटत असेल तर टॅग (निरोपावरची खुणेची चिठ्ठी) वेगळा द्या नाहीतर कम्युनिकेटर (कोण कोणाशी बोलतो तो गट) वेगळा करा, पत्त्यात ती सोय नाही.

मग दारात कोणी जायचं ह्याच्या चार रीती. सिंगल, म्हणजे वाड्यात माणूसच एक. फनेल्ड, म्हणजे माणसं भरपूर पण सही करणार फक्त एक ठरलेला. सिरियलाइज्ड, कोणीही जा पण एका वेळी एकच, दारात दोघं दिसता कामा नये, आणि ती शिस्त तुमची तुम्ही पाळायची. आणि मल्टिपल, कोणीही कधीही जा, आणि धक्काबुक्की होऊ न देण्याची जबाबदारी लायब्ररीची. ह्यांचे आकडेही चढत्या क्रमाने ठेवलेत, सिंगल सगळ्यात लहान, मल्टिपल सगळ्यात मोठा, म्हणजे मिळालेली लेव्हल मागितलेल्यापेक्षा कमी आहे का हे सरळ तुलना करून बघता येतं. ते कोणी बघत नाही ही गोष्ट वेगळी. इनिट_थ्रेडला तुम्ही सांगता हवंय काय आणि ती परत सांगते दिलं काय, पण ते "दिलं काय" पंचाण्णव टक्के कोडमध्ये एका व्हेरिएबलमध्ये पडतं आणि तिथेच धूळ खात बसतं (पंचाण्णव हा आकडा माझ्या चिडचिडीतून आलाय, कुठल्या सर्व्हेतून नाही). पूर्वी ओपन-एमपीआय (ही एमपीआयची एक लायब्ररी, ओपन-एमपी वेगळं) बिल्ड करतानाच मल्टिपलसाठी वेगळा पर्याय द्यावा लागायचा, तो न देता बिल्ड केलेल्या मशीनवर तुम्ही कितीही मल्टिपल मागा, मिळायचं नाही, आणि प्रोग्राम हूं की चूं न करता पुढे चालायला लागायचा.

आता फनेल्डमध्ये तो "ठरलेला" कोण? वयाने मोठा? नाही. पहिल्या नंबरचा? तेही नाही. ज्याने सकाळी फाटकाचं कुलूप काढलं, तो. म्हणजे ज्या थ्रेडने एमपीआय_इनिट किंवा एमपीआय_इनिट_थ्रेड हाक मारली तो त्या प्रोसेसचा मेन थ्रेड, स्टँडर्डमध्ये व्याख्या इतकीच आहे. आणि रात्री कुलूपही त्यानेच लावायचं, एमपीआय_फायनलाइज त्याच थ्रेडने करायचं, दुसऱ्याने नाही, आणि बाकीच्यांची टपालाची कामं आटपली आहेत हे बघून मगच. मेन हे नाव ऐकून आपल्याला सी मधलं मेन फंक्शन आठवतं आणि नव्वद वेळा ते जुळतंही, म्हणून तर उरलेल्या दहा वेळा माणूस असा तोंडावर पडतो.

तर रविवारी साडेआठला भाचा हजर. पोह्यांवर जीरावन भुरभुरून, शेव टाकून, सोबत जलेबी, आणि टेबलावर लॅपटॉप. कोड बघितला तर चिरंजीवांनी फार हौसेने काम केलेलं. मेन फंक्शनमध्ये शिरल्याशिरल्या एक वेगळा पी-थ्रेड (ओपन-एमपीशिवाय, थेट सिस्टिमकडून घेतलेला थ्रेड) तयार केलेला, त्याचं नाव ठेवलेलं "संदेशवाहक" (मला आवडलं), आणि नीटनेटकेपणा म्हणून एमपीआय_इनिट_थ्रेड त्या संदेशवाहकाच्या आत टाकलेलं, की टपालाचं सगळं एका जागी राहील. काठाच्या ओळींची देवाणघेवाण संदेशवाहक करणार, तोवर मूळ थ्रेड ओपन-एमपीची चार जणांची टोळी काढून आतलं गणित करणार. कल्पना वाईट नाही. पण दर शंभर पायऱ्यांनी उत्तर पुरेसं स्थिरावलं का हे बघायला चारी प्रोसेसचा फरक गोळा करावा लागतो, त्याला ऑलरिड्यूस, आणि ते त्याने मूळ थ्रेडमध्ये टाकलेलं, पुढे पहारेकरी बसवून: नंबर शून्य असेल तरच आत जा. आणि शेवटी फायनलाइज, मेन फंक्शनच्या शेवटच्या ओळीत, पुस्तकात असतं तसं.

"बघ ना मामा, दोन्हीकडे चेक आहे, शून्य असला तरच कॉल करतो."

म्हणलं ठीक, तुझ्या डोळ्यांनीच बघ. प्रत्येक थ्रेडकडून एकच ओळ छापून घे: रँक, ओपन-एमपीचा नंबर, लिनक्सचा थ्रेड आयडी, आणि एमपीआय_इज_थ्रेड_मेन काय म्हणतं ते. हे शेवटचं फंक्शन त्याने कधी ऐकलंच नव्हतं. त्यात काहीच कठीण नाही, एका इंट व्हेरिएबलचा पत्ता द्या, हाक मारणारा थ्रेड मेन असेल तर त्यात खरं येतं नाहीतर शून्य. निरोप कोणाला जात नाही, कोणासाठी थांबावं लागत नाही, आपल्याच प्रोसेसमधली चौकशी. आणि हे कुठल्याही थ्रेडने विचारलं तरी चालतं, फनेल्डमध्येसुद्धा, 3.1 व्हर्जनने (2015) ते स्पष्टच लिहून टाकलं. बरोबरच आहे म्हणा, "मी मेन आहे का" हे विचारायला आधी मेन असावं लागलं असतं तर विचारायचं कशाला?

प्रत्येक प्रोसेसमध्ये टोळीचे चार आणि एक संदेशवाहक असे पाच थ्रेड, चार प्रोसेस, वीस ओळी आल्या. रँक 2 च्या पाच ओळी मी त्याला वेगळ्या काढून दाखवल्या. ओएमपी 1, मेन 0. ओएमपी 2, मेन 0. ओएमपी 3, मेन 0. ओएमपी 0, थ्रेड आयडी आणि प्रोसेस आयडी एकच, मेन 0. आणि पाचवी, ओएमपी 0, मेन 1.

तो बघतच राहिला. "दोन शून्य कसे?"

दोनच काय, दहाही निघतील. ओपन-एमपीचा नंबर हा टोळीतला नंबर असतो, अख्ख्या प्रोसेसमधला नाही. आणि जो थ्रेड कुठल्याच पॅरलल टोळीत नाही त्याने विचारलं तरी उत्तर शून्यच, कारण तो आपल्या एकट्याच्या टोळीचा प्रमुख. तुम्ही पी-थ्रेडने पाच थ्रेड उभे करा, पाचही म्हणतील मी शून्य. पॅरललच्या आत परत पॅरलल उघडा, प्रत्येक आतल्या टोळीला आपापला शून्य. प्रत्येक बिऱ्हाडातला थोरला म्हणतो घरात मोठा मीच, खोटं कोणीच बोलत नाही, पण फाटकाची किल्ली कोणाकडे हे त्यावरून कसं कळणार? थ्रेड आयडी आणि प्रोसेस आयडी सारखे आहेत का हे बघण्याची लिनक्सची युक्तीही इथे फसली, कारण ती सांगते वाड्यात पहिला जन्मलेला कोण, आणि इथे पहिला जन्मलेला तो मूळ थ्रेड, एमपीआयच्या हिशेबात परका.

म्हणजे झालं काय, तर दोन थ्रेड एमपीआयमध्ये शिरत होते, संदेशवाहक ओळी पाठवायला आणि मूळ थ्रेड ऑलरिड्यूसला. फनेल्ड मागितलंय म्हणजे एकच जण येणार हे लायब्ररी धरून चालते आणि आतली कुलपं लावण्याचे कष्ट घेत नाही, त्यातच तर वेळ वाचतो. तुम्ही शब्द मोडला तर ती ओरडेलच असंही नाही, शब्द पाळणं तुमचं काम. बहुतेक वेळा दोघं वेगवेगळ्या क्षणी शिरतात आणि सगळं छान, पण एखाद्या वेळी नेमके एकत्र आत गेले की आतली रांग विस्कटते आणि दोघंही न येणाऱ्या निरोपाची वाट बघत बसतात. लटकलेल्या प्रोग्रामला जीडीबी हा डीबगर लावून सगळ्या थ्रेडचे स्टॅक (कोण कुठल्या फंक्शनमध्ये अडकलाय त्याची यादी) काढले, रँक 1 मध्ये तेच चित्र, एक जण रिसीव्हच्या पोटात, दुसरा ऑलरिड्यूसच्या पोटात. आणि वर फायनलाइज मूळ थ्रेडकडून, म्हणजे कुलूप काढलं एकाने आणि लावायला निघाला दुसराच.

(आणि हो, वीस ओळी छापायला लागलो तसा प्रोग्राम लटकायचाच बंद झाला, छापण्यातल्या वेळेने दोघांची गाठ चुकायला लागली. असं झालं की बरेच लोक प्रिंटच ठेवून देतात आणि सुटलो म्हणतात. नका करू.)

भाचा म्हणाला मग सोपंय, सिरियलाइज्ड मागतो आणि दोघांच्या भोवती एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) टाकतो. टाक म्हणलं. टाकलं. आता प्रोग्राम मधूनच नाही, रोज लटकायला लागला! प्रगतीच म्हणायची. विचार करून बघा, रँक 0 च्या मूळ थ्रेडने म्युटेक्स धरून ऑलरिड्यूस सुरू केलं, तो सगळ्यांची वाट बघणार. रँक 1 मध्ये संदेशवाहकाने म्युटेक्स धरलाय आणि तो रँक 0 च्या ओळीची वाट बघतोय. ती ओळ पाठवणारा रँक 0 चा संदेशवाहक म्युटेक्सपाशी तिष्ठत. संपला विषय, गोल झाला. म्युटेक्स वाड्याच्या आतला, वाट बघायची दुसऱ्या वाड्याची, थांबून राहणाऱ्या कॉलभोवती असा म्युटेक्स लावायचाच नसतो.

मल्टिपल घेतलं असतं तर हे चाललं असतं, एक थ्रेड ओळी पाठवतोय आणि दुसरा ऑलरिड्यूस करतोय ह्याला तिथे ना नाही. दोन थ्रेडनी एकाच कम्युनिकेटरवर एकाच वेळी सामूहिक कॉल (ऑलरिड्यूससारखे) केले असते तर मात्र तेही नाही. पण मल्टिपलमध्ये आपले वेगळे खेळ आहेत, उदाहरणार्थ एक थ्रेड प्रोब करून बघतो की निरोप आलाय, किती मोठा आहे ते मोजतो, तेवढी जागा करतो, तोवर दुसरा थ्रेड येऊन तोच निरोप घेऊन जातो. वाड्यात हे नेहमीचं, आजी म्हणायची पत्र आलंय वाटतं, आणि ती चष्मा शोधेपर्यंत कोणीतरी ते उघडून वाचलेलंही असायचं. एमपीआय 3 मध्ये (2012) त्यासाठी एमप्रोब आणि एमरिसीव्ह आणले, बघितलेला निरोप आपल्या नावावर राखून ठेवता येतो. चांगली सोय आहे, पण पत्र्याच्या गणितासाठी एवढी तोफ कशाला?

शेवटी केलं ते साधंच. संदेशवाहकाला निवृत्त केलं (भाच्याला वाईट वाटलं, नाव छान होतं). इनिट_थ्रेड मेन फंक्शनमध्ये आणलं, लेव्हल फनेल्डच, आणि मिळालेली लेव्हल कमी असेल तर तिथेच बोंब मारून बंद. काठाच्या ओळींसाठी आयरिसीव्ह आणि आयसेंड (थांबून न राहणारे रिसीव्ह आणि सेंड) आधी लावून टाकायचे, मग टोळी काढून आतलं गणित, ते झालं की वेटऑल (ते सगळे पुरे होईपर्यंत थांबणं), मग काठाचं गणित. वेगळा थ्रेड न ठेवता गणित आणि टपाल एकमेकांवर चढतात, निदान चढायची संधी मिळते, लायब्ररी मागे किती काम करते ते तिच्यावर.

एका जागी त्याला पॅरलल टोळीच्या आतूनच कॉल हवा होता, तिथे त्याने सिंगल लिहिलेलं, ओपन-एमपीचं सिंगल. ते चुकीचं. त्याचा अर्थ "कोणीतरी एक", जो आधी पोचेल तो, तो मेन असेलच असं नाही. सिरियलाइज्डला ते चालतं. फनेल्डला मास्टर (टोळीतल्या शून्य नंबरनेच करायचं) हवं, ओपन-एमपी 5.1 पासून त्याचं नाव मास्क्ड झालंय, आणि तेही टोळी ज्या थ्रेडने काढली त्यानेच इनिट केलं असेल तरच. अजून एक, सिंगलच्या शेवटी सगळे थांबतात, मास्टरच्या शेवटी कोणी थांबत नाही, म्हणून सिंगल खोडून नुसतं मास्टर लिहिलंत आणि बॅरियर टाकायला विसरलात तर नवीन भूत.

आणि एमपीआयच्या प्रत्येक कॉलआधी एक छोटं फंक्शन बसवलं, इज_थ्रेड_मेन विचारतं आणि उत्तर नाही आलं तर फाइल आणि ओळ नंबर छापून प्रोग्राम पाडतं. भाच्याने तिथे एमपीआय_अबॉर्ट लिहिलं होतं. अरे, म्हणलं, जो मेन नाही त्यालाच परत एमपीआयचा कॉल करायला लावतोस? साधं सी चं अबॉर्ट टाक. तो हसला, मग त्याच्या लक्षात आलं की मी गंमत करत नव्हतो, मग परत हसला.

दुपारी दोनला लूपमध्ये टाकून दिला, रात्री झोपेपर्यंत तीनशे वेळा पळाला, एकदाही लटकला नाही. उत्तरंही जुळली, शेवटच्या एखाद-दुसऱ्या दशांशात फरक होता तो बेरजेच्या क्रमाचा.

सोमवारी दुपारी त्याचा मेसेज. डेमोमध्ये सुरुवातीला "मी मेन आहे" ही ओळ चार वेळा छापली गेली (काढायला विसरला होता, मीही विसरलो), आणि परीक्षकांनी तिथेच पकडलं, मेन चार कसे, मेन एकच असायला हवा, तुमच्यात बग आहे. त्यांची रँक 0 आणि मेन थ्रेड ह्यांच्यात गल्लत होत होती, ती बऱ्याच जणांची होते, रँक 0 हा नुसता पहिला वाडा, मेन थ्रेड प्रत्येक वाड्याचा आपला वेगळा. भाच्याने लिहिलं होतं, "मी त्यांना वाड्याची गोष्ट सांगितली मामा, हिंदीतून. पोस्टमनपर्यंत ऐकलं, मग म्हणाले ठीक है, ग्राफ दिखाओ."

मार्क अजून आले नाहीयेत.